माझ्या बाजूचा खांब

मी मूळचा भुसावळचा. रेवा, ईशान, तुम्हाला तिकडे ऑकलंडमध्ये भुसावळ म्हणजे आईच्या तोंडून ऐकलेली केळी आणि भरताची वांगी एवढंच ठाऊक असेल, पण आमच्या लेखी भुसावळ म्हणजे रेल्वे. रेल्वेची कॉलनी, रेल्वेची शाळा, रेल्वेचा दवाखाना, आणि घरात कोपऱ्यात वडिलांची रेल्वेची पेटी, कारण माझे वडील मालगाडीवर गार्ड होते आणि त्या पेटीत एक हिरवा आणि एक तांबडा बावटा गुंडाळून ठेवलेला असायचा. आम्ही भावंडं त्याला हात लावायला गेलो की वडील म्हणायचे, ती खेळायची वस्तू नाही, ते बघून माणसं गाडी सोडतात. एवढंच म्हणायचे. जास्त बोलायची त्यांना सवय नव्हती.

आणि माझा मामा त्याच रेल्वेच्या शाळेत गणित शिकवायचा. मी त्याच्या वर्गात होतो तेवढी वर्षं त्याने मला दर परीक्षेत चार-दोन मार्क कमी दिले, उत्तर बरोबर असलं तरी कमीच दिले, कुणी म्हणायला नको की भाच्याला वाढवून दिले म्हणून. घरात हे सगळे अभिमानाने सांगायचे. पाहुणे आले, चहा झाला, की आई सांगायची, आमच्या भाऊने सख्ख्या भाच्याला पहिला नंबर मिळू दिला नाही. पाहुणे माना डोलवायचे. मीही पुढे हे सगळ्यांना सांगत राहिलो, तुमच्या आईला सांगितलं, तुमच्या निनादमामाला सांगितलं. बरोबर उत्तराचे मार्क माझे होते, ते दुसऱ्याच्या नावलौकिकासाठी गेले, असं मला तेव्हा कधी वाटलंच नाही. ते अलीकडे वाटायला लागलं आहे, आणि ते का, हेच सांगायला बसलो आहे. तुमची आजी समोर बसून लिहून घेते आहे. मी भरकटलो की पेन टेबलावर वाजवते.

तर मी रेल्वेच्या सिग्नलमध्येच इंजिनीअर झालो आणि मग एका कंपनीने लंडनला बोलावलं, इथल्या सिग्नलच्या कामाला, तेव्हा तुमची आई कॉलेजच्या वयाची होती आणि निनादमामा अगदी प्रायमरीत. लंडनच्या कडेला पिनर म्हणून भाग आहे, तिथे घर घेतलं. शेजारी जेरी म्हणून आयरिश इलेक्ट्रिशियन राहायचा, अजूनही राहतो. त्याचा मुलगा निनादच्या वर्गात. एके दिवशी जेरी म्हणाला, मी माझ्या पोराला मैदानावर नेतोय, तुझ्याला पण घेऊन जातो, आणि आम्हाला वाटलं हॉकी असेल. संध्याकाळी निनाद परत आला तो हातात एक चपट्या टोकाची लाकडी काठी, गुडघा फुटलेला, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी तो त्याच्या वाढदिवसालाही पाहिला नव्हता. आजीने पहिली ती काठी पुसली, मग गुडघा. तुमची आजी अशीच.

हा खेळ म्हणजे आयरिश लोकांचं हर्लिंग. काय सांगू तुम्हाला, क्रिकेट, हॉकी आणि हातघाईची लढाई एकत्र करा. पंधरा-पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात काठी, चामड्याचा लहान चेंडू, आणि तो चेंडू हवेतच मारायचा, काठीवर तोलून पळायचं, वाटलं तर हातात धरायचा. दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे खांब. मधल्या आडव्या दांडीच्या खालून चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. दांडीच्या वरून पण दोन खांबांच्या मधून गेला तर एक पॉइंट. आणि हे ठरवायला प्रत्येक टोकाला दोन अंपायर, पांढरा कोट घालून, एकेका खांबापाशी एकेक. गोल झाला तर हिरवा बावटा, पॉइंट झाला तर पांढरा. बाहेर गेला तर डोक्यावर हात ओलांडून दाखवायचे, म्हणजे वाइड. पहिल्यांदा तो हिरवा बावटा वर गेलेला पाहिला तेव्हा मला भुसावळचं यार्ड आठवलं आणि मी त्या खेळाच्या प्रेमात पडलो, क्रिकेटवरचं मन उडालं नाही, पण थोडं सरकलं.

मी काही खेळायच्या वयाचा नव्हतो. मी गोलच्या मागे उभा राहायचो आणि चेंडू झाडीत गेला की आणून द्यायचो. वर्षानुवर्षं हेच. पोरं मला मिस्टर के म्हणायची, खैरनार त्यांना जमत नाही. निनाद मोठा झाला, इथेच अकाउंट्समध्ये नोकरीला लागला, रीडिंग गावात राहायला गेला, तरी दर रविवारी खेळायला आपल्या क्लबकडेच यायचा, आणि सामना झाला की घामेजलेला आमच्याकडे वरणभात खायला.

आता त्यांच्या स्पर्धेचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लंडन ही त्या आयरिश लोकांच्या हिशोबात एक काउंटीच, म्हणजे जिल्हाच, आहे. काउंटीतल्या क्लबांच्या तीन पायऱ्या, वरची सीनियर, खालची ज्युनियर आणि मधली इंटरमीडिएट. निनादचा क्लब कायम मधला. मी त्याला गाडीतला मधला बर्थ म्हणायचो, धड ताठ बसता येत नाही, धड खाली उतरता येत नाही. ही मधली चँपियनशिप जो जिंकेल तो पुढच्या वर्षी सीनियरमध्ये जातो, आणि निनादला एकच पाहिजे होतं, एकदा सीनियरमध्ये खेळायचं. बाकी काही त्याने आयुष्यात हट्टाने मागितलं नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी गुडघ्याचं सांगितलं, एवढा हंगाम काढ आणि मग थांब. कॅप्टन तोच होता. आणि त्या वर्षी ते फायनलला पोचले.

जेरी रेफरी आहे. त्यांच्यात पद्धत अशी की रेफरीने आपले चार अंपायर आपणच आणायचे, कुणाचा भाऊ असतो, कुणाचा मेहुणा, सामना संपला की सगळे मिळून एकाच गाडीतून घरी. मी रिटायर झालो तेव्हा जेरी कुंपणावरून म्हणाला, इतकी वर्षं फुकट चेंडू आणतोस, आता कोट घाल. मी कोट घातला. आजीने त्याला स्टार्च केला. जेरीचा मेहुणा पॉड्रिग दुसऱ्या खांबाला आणि मी या खांबाला, अशी आमची जोडी जमली. एक पथ्य मी पाळलं, निनादच्या क्लबचा सामना असला की मी कोट घालायचो नाही, त्या दिवशी मी बाप, बस.

फायनलच्या दिवशी सकाळी जेरीने दार वाजवलं. त्याचा एक अंपायर तापाने पडला होता. मी म्हटलं, जेरी, माझा मुलगा खेळतोय. तो म्हणाला, मला काय माहीत नाही का, मी दोन्ही क्लबच्या मॅनेजरांना फोन करून आलोय. तांबड्या जर्सीचे म्हणजे आपले, ते हो म्हणाले यात नवल नाही, पण निळ्या जर्सीचा मॅनेजर काय म्हणाला माहीत आहे का, तो म्हणाला, मिस्टर के असेल तर तो आपल्या सख्ख्या आईविरुद्ध पण खरं सांगेल, येऊ दे त्याला.

आता तुमची आजी मागे उभी होती. ती म्हणाली, अहो, जाऊ नका. मी म्हटलं, अगं अडलेत ते. ती म्हणाली, अडलेत तर दुसरा कुणी सापडेल, आज तुम्ही मुलाकडे बघायला जा, खांबाकडे नको. मी ऐकलं नाही. खरं सांगू का, मला फार बरं वाटलं होतं. परक्या देशात, परक्या खेळात, समोरच्या बाजूचा माणूस म्हणतो की हा खरं सांगेल. मी कोट चढवला तेव्हा आरशात बघितलं होतं. ही गोष्ट आठवली की मला आता आरशात बघवत नाही.

सामना काय झाला ते सगळं सांगत बसत नाही. दुसऱ्या हाफमध्ये आपली तांबडी टीम माझ्या गोलकडे मारत होती. शेवटी शेवटी आपण एका पॉइंटने मागे. एक पॉइंट मिळाला असता तर बरोबरी, आणि मग जादा वेळ. चेंडू निनादकडे आला, बाजूच्या रेषेजवळ, गुडघ्याला पट्टी, समोर दोन निळे, आणि त्याने तिथून मारला. वाऱ्यावर चढला तो चेंडू, खांबाच्या टोकापेक्षाही वर गेला, आणि माझ्या बाजूच्या खांबावरून आला. असा उंच चेंडू आला की खांब आभाळापर्यंत गेलाय असं धरायचं आणि ठरवायचं, आणि ज्याच्या खांबावरून जातो त्याने ठरवायचं, दुसऱ्याने बोलायचं नाही.

मी वर बघत होतो. मला तो आतून जाताना दिसला. स्पष्ट दिसला.

आणि त्याच क्षणी मनात आलं, तुला आत दिसतोय कारण तो तुझ्या पोराने मारलाय. म्हणजे डोळ्यांनी सांगितलं त्यावर मीच हरकत घेतली. पॉड्रिग माझ्याकडे बघत होता, त्याचा हात बावट्यावर होता, जेरी लांबून माझ्याकडे बघत होता, निनाद काठी खाली टेकवून माझ्याकडे बघत होता, आणि माझे हात डोक्यावर जाऊन एकमेकांवरून ओलांडले. वाइड.

जेरीने मान हलवून ते मान्य केलं. निळ्यांच्या गोलकीपरने चेंडू लांब मारला आणि सामना संपल्याची शिट्टी झाली.

निळ्यांचा मॅनेजर धावत आला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, यू आर अ गुड मॅन, मिस्टर के, आय नेव्हर सॉ द लाइक ऑफ इट, म्हणजे असं कधी पाहिलंच नाही. लोक पाठीवर थाप मारत होते. आणि काय सांगू, त्या वेळी मला थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, मामासारखं वाटलं. पाहुण्यांनी माना डोलवल्यासारखं. निनाद आला, मला म्हणाला, चला बाबा, आई थांबलाय गाडीजवळ. त्याचं मराठी तुम्हाला माहीतच आहे. एरवी आजी सुधारते. त्या दिवशी तिनेही सुधारलं नाही.

दोन दिवसांनी क्लबच्या व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. गोलच्या मागे एक मुलगी फोन धरून उभी होती, मी इतकी वर्षं जिथे उभा राहायचो बरोबर तिथेच. तिने काही मुद्दाम काढला नव्हता, तिचा भाऊ खेळत होता. त्यात चेंडू खांबाच्या आत दिसतो. चांगला हातभर आत. बघायला नको म्हणून मी फोन पालथा ठेवला, मग परत उचलला. खाली कुणी काही लिहिलं नव्हतं. एरवी त्या ग्रुपवर कुणाचा मोजा हरवला तरी पानभर चर्चा चालते. त्या व्हिडिओखाली काही नाही. मग कुणीतरी विचारलं, मंगळवारी ट्रेनिंग आहे का, आणि सगळे त्याला उत्तर द्यायला लागले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निळ्यांच्या मॅनेजरनेही जेरीकडे निरोप पाठवला, मिस्टर केला सांग, मनाला लावून घेऊ नको, हे माणसाकडून होतं. सुपरमार्केटमध्ये आपल्या टीमचा गोलकीपर भेटला, शेमस, दाढीवाला, फायनलनंतर ज्याला मी मैदानात पालथा पडून रडताना पाहिलं होतं तो. मी दुसऱ्या रांगेत वळलो तर तो मुद्दाम वळून आला, माझी तांदळाची पिशवी त्याने उचलून ट्रॉलीत ठेवली, आजीची चौकशी केली, आणि म्हणाला, तुम्ही आता गोलमागे दिसत नाही, चेंडू सगळे झाडीत पडतात आमचे. तो हसला. मला त्याच्या डोळ्यांकडे बघता येईना. त्या पोराचंही वय चाललं आहे, त्यालाही सीनियरमध्ये जायचं होतं, आणि तो माझे तांदूळ उचलतोय.

निनाद रविवारी यायचा. जेवायचा. ऑफिसचं बोलायचा, एम-फोर हायवेवरच्या ट्रॅफिकचं बोलायचा, तुमचे फोटो दाखवायचा. खेळाचं नाव नाही. काठी गाडीतच ठेवून यायचा, पूर्वी दारामागे ठेवायचा. आजी मला खुणेने म्हणायची, तुम्ही बोला. मी वरण वाढायचो.

शेवटी त्यानेच विचारलं. भांडी घासत होता, मी पुसत होतो. म्हणाला, बाबा, एक विचारतो, खरं सांगा. तुम्हाला काय दिसला?

मी म्हटलं, आत.

नळ चालू होता तो त्याने बंद केला. म्हणाला, मला वाटलं नीट दिसला नसेल. डोळ्यांवर ऊन असेल. मी सगळ्यांना तेच सांगितला, बाबांच्या डोळ्यांवर ऊन होता.

मी म्हटलं, ऊन पाठीमागे होतं. मी घाबरलो, निनाद. लोक म्हणतील मुलाला दिला. म्हणून नाही दिला.

त्याने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. मग इंग्रजीत बोलला, कारण रागावला की त्याला मराठी पुरत नाही. म्हणाला, मला एकट्याला कमी दिलं असतंत तर मी काही बोललो नसतो बाबा, आय वुड हॅव टेकन इट, तुमच्या त्या मामाची स्टोरी ऐकतच मी वाढलोय. पण तिथे पंधरा जण होते. शेमसला मामा नाही. त्याचा पॉइंट तुम्ही कशासाठी घेतलात? तुमच्या नावासाठी?

  इतके दिवस मी मनात धरून बसलो होतो की मी माझ्या मुलाचं काहीतरी दिलं, चुकून का होईना, पण आपलं दिलं. ते माझं नव्हतंच. त्याचंही एकट्याचं नव्हतं.

मी म्हटलं, मी क्लबवर येतो, सगळ्यांसमोर माफी मागतो. तर तो म्हणाला, नको. तुम्ही माफी मागणार, आणि मग ते सगळे उठून तुमची समजूत काढणार, चहा देणार. परत तुमचंच कौतुक होणार. राहू द्या.

तुमची आजी तेव्हा दारात होती. माझी बाजू घेईल असं मला वाटलं. ती म्हणाली, बरोबर बोलतोय तो. आणि मग त्याला म्हणाली, काय दिसला नाही रे, काय दिसलं असं म्हणायचं. ऊन होतं. तेव्हा तो जरासा हसला, आणि मी तो टॉवेल तोंडावर धरला.

कोट आजीने धुऊन, इस्त्री करून जेरीकडे परत दिला. जेरी या वर्षी परत विचारायला आला होता. म्हणाला, अरे, माझ्या चुका मोजल्या तर मला देश सोडावा लागेल, चल. मी त्याला खरं काय ते सांगितलं, मला दिसलं होतं आणि मी उलटं दाखवलं. तो कुंपणाला टेकला. मग म्हणाला, मग नको येऊस. त्याने तसं म्हटलं याचं मला आतून बरं वाटलं. सगळ्यांत तोच एकटा तसं बोलला. आमचं बोलणं चालू आहे, कुंपणावरून तो टोमॅटोची रोपं देतो, मी त्याला कैरीचं लोणचं देतो, पण पॉड्रिगच्या जोडीला आता दुसरा कुणी असतो.

निनादने गुडघ्यामुळे मोठ्या टीममधून नाव काढलं. सीनियर काही झालं नाही. क्लब यंदाही मधल्या बर्थवर. आता तो क्लबच्याच दुसऱ्या, ज्युनियरमधल्या टीममध्ये, पोटं सुटलेल्यांबरोबर, जमेल तसं खेळतो. मी बरेच महिने गेलो नाही. मग एका रविवारी त्याने येऊन हॉर्न वाजवला आणि खिडकीतून म्हणाला, बाबा, चला, चेंडू आणायला कोणी नाही. मी जुने बूट घातले आणि गेलो. गोलच्या मागे, माझ्या जुन्या जागी उभा राहिलो.  शेमस हात वर करून गेला. लाज वाटली. अजूनही दर रविवारी वाटते, गाडीतून उतरताना पहिल्यांदा तीच उतरते, आणि ती आता बरोबर असणार हे मी धरून चाललो आहे.

मागच्या रविवारची गोष्ट सांगतो आणि थांबतो, आजीची चहाची वेळ झाली. निनादने लांबून एक चेंडू मारला, बाजूच्या रेषेजवळूनच. उंच गेला. मारल्यावर सगळे अंपायरकडे बघतात, पण तो अंपायरच्या मागे बघत होता, माझ्याकडे. आणि माझी मान, मी काही ठरवायच्या आत, जोरात होकाराची हलली. आत आहे, आत आहे. अंपायरने हात डोक्यावर ओलांडले. वाइड. मी झाडीतून चेंडू आणायला गेलो तेव्हा नीट कळलं, तो खांबाच्या कितीतरी बाहेर पडला होता, आंधळ्यालाही दिसावा इतका. परत आलो तर निनाद काठीवर वाकून हसत होता. ओरडून म्हणाला, बाबा, तो तर खरंच वाइड होता.

बाळांनो, आमचं झालं ते झालं. तुमच्या माणसांचं चांगलं तुम्हाला दिसो, आणि दिसलं की तोंडाने तसं म्हणता येवो. लोक काय म्हणतील ते ऐकायला तेव्हा तुमच्या कानाला सवड न मिळो. सुखी राहा, आणि मामाला फोन करा. गुडघ्याचं विचारू नका, खेळाचं विचारा.